पावलांपासून वीज: आधी युनिटचा आकडा सांगा

गर्दीच्या ठिकाणी लाखो माणसं रोज चालतात, त्यांच्या पायाखालची ऊर्जा वाया जाते, ती फरशीत पकडली तर दिवे लागतील, ही कल्पना ऐकताक्षणी पटते. चालणं तर होतच असतं. इंधन नको, धूर नाही, वेगळी जागा अडत नाही. शाळकरी मुलांपासून शहराच्या कारभाऱ्यांपर्यंत सगळ्यांनाच ती भावते. त्यामुळे अधूनमधून एखाद्या स्टेशनात, विमानतळावर किंवा बाजारपेठेच्या रस्त्यावर अशा फरशीचं उद्घाटन होतं, फोटो फिरतात आणि ‘आता तुमच्या पावलांवर शहर उजळणार’ अशा मथळ्यांचा पाऊस पडतो.

माझं स्पष्ट मत आहे की वीजनिर्मितीच्या नावाखाली या फरश्यांवर सार्वजनिक पैसा खर्च करू नये. त्यामागचं तंत्र खोटं आहे असं मी म्हणत नाही. वीज खरोखर तयार होते. पण ती किती तयार होते हे क्वचितच कोणी सांगतं, आणि विचारणारे तर त्याहून कमी.

हा आकडा काढायला प्रयोगशाळा लागत नाही, शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं. ७० किलो वजनाच्या माणसाचा भार साधारण ७०० न्यूटन असतो. त्याचं पाऊल पडलं की फरशी ५ मिलिमीटर खाली दबते असं धरू. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. ७०० गुणिले ०.००५, म्हणजे साडेतीन ज्यूल. विजेच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार केला की उत्तर येतं: एका युनिटला दहा लाखांहून जास्त पावलं. तीसुद्धा आतली यंत्रणा शंभर टक्के कार्यक्षम असेल तर, आणि अशी यंत्रणा जगात कुठेच नसते. घर्षणात, रबरात, तारांत आणि बॅटरीत मिळून निम्मी ऊर्जा गेली तर पावलं वीस लाख होतात.

एका माणसापुरता विचार करू. दिवसाला दहा हजार पावलं चालणारा माणूस घ्या आणि त्याचं प्रत्येक पाऊल अशाच फरशीवर पडतं असं समजा. दिवसाअखेर जमतील ३५ हजार ज्यूल. आजच्या मोबाइलची ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी भरायला सुमारे ७० हजार ज्यूल लागतात. म्हणजे दिवसभराची पायपीट, एकही पाऊल साध्या जमिनीवर न टाकता, आणि मोबाइल अर्धा चार्ज. तोही कागदावर.

‘पण स्टेशनात गर्दी असते,’ असं यावर लगेच म्हटलं जातं. तर तिकीट-फाटकासमोरची एकच टाइल घेऊ, कारण सगळ्यात जास्त पावलं तिथेच पडतात. मिनिटाला तीस माणसं, रोज सलग अठरा तास, मधे एकही क्षण रिकामा नाही. ही झाली ३२,४०० पावलं. गुणिले साडेतीन ज्यूल, म्हणजे १,१३,४०० ज्यूल, म्हणजे एका युनिटचा जेमतेम तिसावा हिस्सा. ९ वॅटचा एक एलईडी दिवा यावर साडेतीन तास चालेल. तेवढ्या अठरा तासांत त्या फाटकाच्या डोक्यावरचा दिवा, शेजारचा पंखा आणि खुद्द फाटकाची मोटर किती वीज खातात याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. उलट एक चौरस मीटरचं सौर पॅनेल बऱ्यापैकी उन्हाच्या जागी दिवसाला पाऊण ते एक युनिट सहज देतं. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या फाटकाखालच्या टाइलपेक्षा छपरावर निमूट पडून असलेलं पॅनेल पंचवीस-तीस पट कामाचं ठरतं, आणि ते कोणाच्या पायात येत नाही.

गर्दी आणखी वाढवून पाहू. टोकियोचं शिंजुकू हे जगातलं सर्वांत गर्दीचं स्टेशन मानलं जातं. तिथे रोज सुमारे ३५ लाख प्रवाशांची ये-जा असते. प्रत्येकाने स्टेशनात पाचशे पावलं टाकली, एकूण एक टाइलवर पडली आणि यंत्रणेने एकही ज्यूल गमावला नाही, तर सुमारे १,७०० युनिटं मिळतील. वास्तवात त्याच्या निम्मी मिळाली तरी नशीब. अख्ख्या स्टेशनाची जमीन उखडून हे करायचं, आणि तेवढीच वीज फुटबॉलच्या मैदानाच्या एक-तृतीयांश आकाराच्या छपरावर बसवलेली पॅनेलं देतात.

या फरशीच्या आत काय असतं ते पाहिलं की आकडे एवढे लहान का, हेही कळतं. पिझोइलेक्ट्रिक परिणाम, म्हणजे काही स्फटिक दाबले की त्यांच्या दोन बाजूंवर विद्युतभार तयार होणं, हा झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० साली शोधला. गॅसच्या शेगडीचा लायटर ‘टक्’ करून ठिणगी पाडतो तो याच गुणधर्मावर. त्या ठिणगीला हजारो व्होल्टचा दाब असतो, पण त्यात ऊर्जा इतकी थोडी की बोटाला झटका बसला तरी माणूस हसून सोडून देतो. विज्ञान प्रदर्शनात मुलं प्लायवुडच्या दोन फळ्यांमध्ये पितळी पिझो चकत्या चिकटवतात, त्यांच्या तारा एका रेक्टिफायरला, म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज एकाच दिशेने वळवणाऱ्या भागाला, जोडतात, वर पाय देतात आणि छोटा एलईडी लुकलुकतो. त्या चकत्यांवरचं पांढरं सिरॅमिक फार ताठ असतं. कितीही भार दिला तरी ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावं इतकंच दबतं. बल भरपूर, अंतर जवळजवळ शून्य. मग गुणाकारही जवळजवळ शून्य. म्हणूनच मोठ्या कंपन्यांच्या अनेक टाइल्समध्ये आता पिझो नसतोच. तिथे वरची पट्टी काही मिलिमीटर खाली जाते, त्या हालचालीने एक छोटं चाक गरकन फिरतं, त्याच्याबरोबर चुंबक तांब्याच्या वेटोळ्याजवळून फिरतो आणि वीज निर्माण होते. हा साधा डायनामो आहे, आणि त्याची रचना हुशारीची आहे. पण चाक कितीही हुशारीने फिरवलं तरी त्याला वरून मिळालेले ज्यूल साडेतीनच.

‘सौरऊर्जाही सुरुवातीला अशीच क्षुल्लक होती, तंत्रज्ञान सुधारेल तसं हेही सुधारेल’ हा युक्तिवाद मला वारंवार ऐकायला मिळतो, आणि तो सगळ्यात फसवा आहे. १९५४ साली बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौर घट दाखवला तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे सहा टक्के होती. आज बाजारातल्या पॅनेलची वीस टक्क्यांच्या पुढे आहे. पण ऊन तेव्हाही दर चौरस मीटरला एक हजार वॅटच्या घरात पडत होतं. ठेवा आधीपासून होता, पकडायची कला शिकायची होती. पावलाचं तसं नाही. इथे ठेवाच साडेतीन ज्यूलचा. शंभर टक्के कार्यक्षम टाइल उद्या कोणी बनवली तरी ती साडेतीन ज्यूलच देणार, कारण ही मर्यादा यंत्राची नाही, माणसाच्या वजनाची आणि फरशी दबण्याच्या खोलीची आहे. वजन वाढवता येत नाही. राहिली खोली.

मग फरशी जास्त दबू द्यावी का? पाच सेंटिमीटर दबली तर दहापट ऊर्जा मिळेल. पण अशा जमिनीवर चालून पाहा. भुसभुशीत वाळूत चालताना माणसाची टणक जमिनीच्या तुलनेत दुपटीहून जास्त ऊर्जा खर्च होते, हे मोजून दाखवलेलं आहे. जे वाळूत होतं तेच इथेही होईल: पाय खाली जाणार आणि शरीराला तो प्रत्येक वेळी वर आणावा लागणार. ‘वाया जाणारी ऊर्जा’ या शब्दांमागची गफलत इथे उघडी पडते. टणक जमिनीवर चालताना जमिनीत ऊर्जा जातच नाही म्हटलं तरी चालेल, कारण जमीन हलत नाही, आणि जिथे हालचाल नाही तिथे कार्य नाही. चालण्यातली ऊर्जा खर्च होते ती स्नायूंत, सांध्यांत, बुटाच्या तळव्यात. जमीन दबू लागली की ती शरीराकडून जास्तीची मागणी करते. स्नायूंची कार्यक्षमता फार तर पंचवीस टक्के धरली तर साडेतीन ज्यूल देण्यासाठी शरीराला अन्नातून चौदा ज्यूल मोजावे लागतात. टाच आपटताना जो थोडा धक्का शरीरात विरून गेला असता तो टाइल शोषून घेते, हे खरं आहे. त्यामुळे सगळा भार जास्तीचाच असतो असं नाही. तरीही यात फुकट मिळालेलं असं फार थोडं उरतं. या वीजघराचं इंधन अन्न आहे, आणि शेतापासून ताटापर्यंत आणायला अन्नाइतकं महाग इंधन दुसरं नाही.

पाच मिलिमीटरमध्ये तरुण, धडधाकट माणसाला काही जाणवत नाही हे मान्य. पण स्टेशनात फक्त तरुण आणि धडधाकट माणसं येत नाहीत. कुबड्या घेऊन चालणारे येतात, गुडघे दुखणारे म्हातारे येतात, पांढऱ्या काठीने जमीन चाचपत जाणारे येतात, चाकाच्या खुर्चीवाले येतात. त्यांच्यासाठी जमीन स्थिर असणं ही सोय नाही, गरज आहे. चाकाच्या खुर्चीची पुढची चाकं दबणाऱ्या पट्टीच्या कडेशी कशी अडतात आणि मागून ढकलणाऱ्याला दर वेळी कसा जोर लावावा लागतो, हे ज्याने पाहिलंय त्याला ‘फक्त पाच मिलिमीटर’ हा शब्दप्रयोग करवणार नाही. सार्वजनिक जागेतली जमीन हलती करायची असेल तर त्याचं कारण फार भक्कम असायला हवं. एका दिव्याचे साडेतीन तास हे तसं कारण नव्हे.

जाहिरातींबद्दल बोलायलाच हवं, कारण गैरसमजाचा बराचसा भाग तिथूनच येतो. ‘प्रत्येक पावलामागे ५ वॅट’ असं बिनदिक्कत लिहिलं जातं. वॅट हा वेग आहे, साठा नव्हे. पाऊल टाइलवर अर्धा सेकंद टेकत असेल तर पाच वॅट गुणिले अर्धा सेकंद, म्हणजे अडीच ज्यूल. वाचणाऱ्याच्या मनात मात्र चित्र उभं राहतं ते शंभर माणसांचे पाचशे वॅट सतत मिळताहेत असं. उद्घाटनाच्या वेळी लागणारा दिवाही असाच फसवतो. छोट्या एलईडीला ६० मिलिवॅट पुरतात, म्हणजे एका ज्यूलवर तो सोळा सेकंद तेवत राहतो. पाऊल पडलं, दिवा लागला, टाळ्या पडल्या. पण रस्त्यावरचा साधा एलईडी दिवा त्याच्या हजारपट वीज खातो, आणि हे हजारपटीचं अंतर डोळ्यांना दिसत नाही. लागलेला दिवा हा लागलेलाच दिसतो. म्हणून इथे डोळ्यांवर नव्हे, मीटरवर भरवसा ठेवायला हवा.

आतापर्यंतचे गाजलेले प्रयोग याच नजरेने पाहावेत. पूर्व जपान रेल्वे कंपनीने २००८ च्या सुमारास टोकियो स्टेशनात तिकीट-फाटकांजवळ पिझो फरशी बसवून पाहिली. पाठोपाठ शिबुया स्टेशनाबाहेरही अशी फरशी आली. रेल्वेने तो प्रयोग म्हणूनच केला, मोजमाप केलं, आणि प्रयोग करणं चूक नाहीच. आज त्या स्टेशनांच्या गाड्या किंवा दिवे पावलांवर चालत नाहीत, यावरून निष्कर्ष काय निघाला असेल ते कळतं. २०१३ साली पॅरिस मॅरेथॉनमध्ये शाँझेलिझे रस्त्यावर पेव्हजेन या ब्रिटिश कंपनीच्या १७६ टाइल्स टाकल्या होत्या. हजारो धावपटू त्यावरून गेले. धावणाऱ्याचं पाऊल चालणाऱ्यापेक्षा कितीतरी जोरात आदळतं, म्हणजे टाइल्ससाठी याहून चांगला दिवस नाही. त्या दिवशीचा जाहीर झालेला आकडा होता ४.७ युनिटं. तो जसाच्या तसा मानला तरी एका मध्यम घराला दिवसभर पुरेल इतकीच वीज एवढ्या मोठ्या स्पर्धेतून निघाली. २०१४ मध्ये रिओ दि जानेरोच्या मोरो दा मिनेइरा वस्तीत फुटबॉलच्या मैदानाखाली सुमारे दोनशे टाइल्स बसवल्या, शेल कंपनीने पैसा दिला, खुद्द पेले उद्घाटनाला आले. ‘मुलांच्या पावलांनी मैदान उजळलं’ ही बातमी जगभर गेली. त्याच प्रकल्पात सौर पॅनेलंही होती, हे मात्र बातमीच्या शेवटी कुठेतरी एका ओळीत. त्या वस्तीतल्या मुलांना दिव्याखाली खेळायला मिळालं याचा मला आनंदच आहे. पण वर काढलेला पावलांचा हिशेब मैदानावरही बदलत नाही. प्रकाशाचं श्रेय पायांना देताना छपरावरची पॅनेलं झाकली जातात, आणि अशी मैदानं इतरत्र करू पाहणाऱ्यांनी नेमकं काय उचलावं हेच चुकतं.

रस्त्यावरच्या गाड्यांखाली अशाच पट्ट्या टाकण्याची कल्पना तर आणखी फसवी. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर इथे एका मोठ्या सुपरमार्केट साखळीने दुकानाच्या पार्किंगमध्ये त्या बसवल्या. गाडी पट्टीवरून जाताना जी ऊर्जा पट्टीला मिळते ती गाडीच्या पेट्रोलमधून येते. उतारावर किंवा गाडी थांबणारच आहे अशा जागी पट्टी असेल तर ब्रेकमध्ये जाणारी ऊर्जा वाचते, हे मान्य. सपाट, मोकळ्या रस्त्यावर मात्र ती चालकाच्या टाकीतून गुपचूप काढलेली ऊर्जा ठरते.

ब्रेकचा विषय निघालाच आहे तर खरा मुद्दा तिथेच आहे. स्टेशनात वाया जाणारी ऊर्जा शोधायची असेल तर खाली पायांकडे नव्हे, रुळांकडे पाहायला हवं. प्रवाशांसकट ४०० टन वजनाची लोकल ताशी ७२ किलोमीटर वेगाने येते आणि फलाटावर थांबते. थांबण्यापूर्वी तिच्यात ८ कोटी ज्यूल गतिज ऊर्जा असते, म्हणजे बावीस युनिटं. जुन्या पद्धतीच्या ब्रेकमध्ये ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन उडून जाते. एक गाडी एकदा थांबली की सव्वादोन कोटी पावलांची ऊर्जा गेली. आणि गाड्या दर तीन-चार मिनिटांनी थांबतात. पुनरुत्पादक ब्रेकिंगमध्ये मोटरच जनित्र होते आणि त्यातला बराच भाग तारेत परत जातो. हे तंत्र जुनं आहे, पारखलेलं आहे आणि पुष्कळ रेल्वे ते वापरतात. अडचण इतकीच की गाडी थांबते त्या क्षणी जवळ दुसरी कोणती गाडी वीज ओढत नसेल तर परत आलेली वीज घेणार कोण? त्यासाठी उपकेंद्रात ती वीज पुन्हा मुख्य पुरवठ्यात धाडणारा इन्व्हर्टर लागतो किंवा साठवण लागते.

लंडनने २०१५ मध्ये भुयारी रेल्वेच्या व्हिक्टोरिया लाइनवरच्या एका उपकेंद्रात असा इन्व्हर्टर काही आठवडे चालवून पाहिला. दिवसाला सुमारे १,००० युनिटं परत मिळाली. आठवडाभरात जमलेल्या विजेवर होबर्नसारखं मोठं भुयारी स्टेशन दोन दिवसांहून जास्त चाललं असतं, असं तिथल्या वाहतूक प्रशासनाने जाहीर केलं. एका लाइनवरचं एक उपकेंद्र! एवढीच वीज पावलांतून काढायची तर रोज शंभर कोटींहून जास्त पावलं लागली असती. लंडनच्या भुयारी रेल्वेत तेव्हा दिवसाला साधारण ४० लाख फेऱ्या होत होत्या. म्हणजे अख्ख्या रेल्वेतल्या प्रत्येक प्रवाशाने अडीचशे पावलं टाइलवर टाकायला हवी होती, तीही शंभर टक्के कार्यक्षम टाइलवर.

याच लंडनमध्ये तीन वर्षं आधी, २०१२ च्या ऑलिंपिकच्या वेळी, वेस्ट हॅम स्टेशनातून मैदानाकडे जाणाऱ्या वाटेवर टाइल्स टाकल्या होत्या. आजही या विषयावरच्या जवळपास प्रत्येक लेखात त्या टाइल्सचा उल्लेख सापडतो. व्हिक्टोरिया लाइनच्या इन्व्हर्टरचं नाव किती जणांनी ऐकलंय? ज्या यंत्राने दिवसाला हजार युनिटं दिली ते विस्मरणात आणि ज्याने काही दिवे लावले ते पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणासारखं पाठ. मला राग येतो तो याचाच. इन्व्हर्टर उपकेंद्राच्या बंद खोलीत असतो. त्याच्यावर उभं राहून कोणाला फोटो काढता येत नाही, त्याच्या उद्घाटनाला फुटबॉलपटू येत नाही. पण शहराचा ऊर्जाखर्च कमी होतो तो अशाच बंद खोल्यांत.

गर्दीकडूनच काही घ्यायचं असेल तर तेही घेता येतं, पण पायांतून नव्हे. नुसता बसून राहिलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. तासाभरात तीन लाख साठ हजार ज्यूल, म्हणजे टाइलवरच्या एक लाख पावलांइतके. उष्णता ही विजेइतक्या वरच्या दर्जाची ऊर्जा नाही, तिच्यावर मोबाइल चार्ज होणार नाही. पण थंड प्रदेशात उष्णताच हवी असते. स्टॉकहोमच्या मध्यवर्ती स्टेशनात प्रवाशांच्या अंगच्या उबेने गरम झालेली हवा वायुवीजनाच्या यंत्रणेतून घेतली जाते, तिच्यावर पाणी तापवलं जातं आणि ते शेजारच्या कुंग्सब्रोहुसेट या कार्यालयांच्या इमारतीत सोडलं जातं. लंडनच्याच इस्लिंग्टन भागात २०२० पासून नॉर्दर्न लाइनच्या बंद पडलेल्या एका स्टेशनाच्या वायुवीजन-विहिरीतून भुयारातली गरम हवा काढून तिच्यावर हजाराहून जास्त घरं गरम केली जातात. इथे कोणाला वेगळं चालावं लागलं नाही, कोणाच्या पायाखालची जमीन हलली नाही. जी उष्णता नाही तरी पंख्याने बाहेर फेकली जात होती तीच वळवली. ‘वाया जाणारी ऊर्जा वापरली’ हे शब्द इथे अक्षरशः खरे आहेत.

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण या वादात हमखास पुढे केली जाते. तळं साचतं हे खरं, पण थेंब गोळा करायला लागणाऱ्या भांड्याचाही हिशेब हवा. लोखंडाच्या खनिजापासून एक किलो पोलाद करायला साधारण २० मेगाज्यूल ऊर्जा लागते. एका टाइलमध्ये आणि तिच्या चौकटीत वीस किलो पोलाद धरलं तर ४०० मेगाज्यूल, म्हणजे शंभराहून जास्त युनिटं नुसत्या पोलादात गेली. आपली ती सर्वांत गर्दीच्या फाटकाची आदर्श टाइल वर्षाला साडेअकरा युनिटं देते. म्हणजे पोलादाचीच परतफेड व्हायला नऊ-दहा वर्षं. तांबं, चुंबक, रबर, बॅटरी आणि बसवण्याचा खर्च अजून धरलेलाच नाही. आणि रोज हजारो लाथा खाणारं हलतं यंत्र, पावसाचं पाणी आणि धूळ सोसत, दहा वर्षं न बिघडता चालेल असं कोणता अभियंता लिहून देईल? सौर पॅनेल स्वतःला बनवायला लागलेली ऊर्जा साधारण एक ते तीन वर्षांत परत करतं आणि पुढे वीस वर्षं देत राहतं. थेंब तिथेही थेंबच आहेत, पण भांडं थेंबांपेक्षा जड नाही.

राहता राहिला जनजागृतीचा मुद्दा. वीज कमी मिळाली तरी चालेल, लोकांना ऊर्जेचं भान येतं, मुलांना विज्ञानाची गोडी लागते, असं सांगितलं जातं. हा मुद्दा मी हलका मानत नाही. मुलांच्या डोळ्यांतलं ते कुतूहल मोलाचंच आहे. पण जागृती कशाची होते हे पाहायला नको का? दिवा लागला आणि आकडा सांगितला नाही, तर मूल घरी हे शिकून जातं की चार उड्या मारल्या की वीज मिळते. मग वीज इतकी सोपी असताना लोक कोळसा का जाळतात, हा त्याचा पुढचा प्रश्न रास्तच म्हणायला हवा. याउलट सायकलला जनित्र जोडून बसवलेलं मूल, शंभर वॅटचा दिवा जेमतेम तेवत ठेवायला आपल्याला घाम फुटतो, हे मांड्यांत अनुभवतं. तंदुरुस्त माणसाने तासभर जोरात पेडल मारले तर एका युनिटचा दहावा हिस्सा तयार होतो. इस्त्रीचं बटण दाबल्यावर पाच-सात मिनिटांत तेवढी वीज जाते. हे एकदा अंगाने कळलं की माणूस दिवा मालवायला विसरत नाही. तेव्हा टाइल शाळेत जरूर ठेवा, विज्ञान केंद्रात ठेवा. पण तिच्याशेजारी मोठ्या अक्षरांत दोन आकडे हवेत: आतापर्यंत पडलेली पावलं आणि आतापर्यंत मिळालेली युनिटं. दशांश चिन्हानंतरची शून्यं मुलांना मोजू देत. या विषयावर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही माझी विनंती आहे की दिवा लावून थांबू नका. मल्टिमीटर लावा, ज्यूल मोजा आणि तक्त्यावर लिहा. ‘आमच्या फरशीवर एका युनिटला इतकी पावलं लागतील’ असं एक वाक्य प्रामाणिकपणे लिहिणारा प्रकल्प पन्नास दिवे लुकलुकवणाऱ्या प्रकल्पापेक्षा वरचा आहे.

आणि जिथे हे तंत्र शोभतं तिथे ते वापरलंच पाहिजे. फार थोडी ऊर्जा लागते पण तार ओढणं किंवा बॅटरी बदलत राहणं जिकिरीचं असतं, अशी कामं पुष्कळ आहेत. बटण दाबण्याच्या जोरावरच एक छोटा रेडिओ संदेश पाठवणारे बिनतारी, बिनबॅटरीचे स्विच आज बाजारात मिळतात आणि उत्तम चालतात. फरशीखालचा पिझो सेन्सर किती माणसं गेली, कुठे गर्दी तुंबली, कोण घसरून पडलं हे सांगू शकतो. चेंगराचेंगरीच्या जागी ही माहिती एखाद्या दिव्यापेक्षा हजारपट मोलाची. शरीरावरच्या यंत्रांतही जागा आहे. २००८ मध्ये कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या मॅक्स डोनेलन यांच्या गटाने गुडघ्यावर बांधायचं एक उपकरण दाखवलं. पाय पुढे झेपावल्यावर त्याला आवरण्यासाठी स्नायू जिथे स्वतःच ब्रेक लावतात, नेमक्या त्याच क्षणी ते ऊर्जा घेतं. दोन्ही पायांचं मिळून सुमारे पाच वॅट मिळतात आणि चालणाऱ्यावर त्याचा फार कमी ताण पडतो. दुर्गम जागी काम करणाऱ्याला, कृत्रिम अवयव वापरणाऱ्याला हे पाच वॅट लाखमोलाचे ठरू शकतात. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: कोणीही शहर उजळण्याचं वचन दिलेलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या सार्वजनिक जागेसाठी अशा फरशीचा प्रस्ताव येईल, त्यात तीन आकडे सक्तीचे करावेत एवढी माझी मागणी आहे. वर्षाला किती युनिटं मिळणार, वॅटमध्ये किंवा पावलांत नव्हे, बिलावर येतात त्या युनिटांत. देखभालीसकट एका युनिटला किती खर्च पडणार. आणि त्याच रकमेत त्याच जागेच्या छपरावर पॅनेलं बसवली, जुने दिवे बदलले किंवा उपकेंद्रात इन्व्हर्टर बसवला तर किती युनिटं मिळतील किंवा वाचतील. हे तिन्ही आकडे निविदेबरोबर प्रसिद्ध व्हावेत, आणि बसवल्यानंतर मीटरचं वाचन दर महिन्याला त्याच फलकावर लागावं, जिथे उद्घाटनाची तारीख लिहिलेली असते. मीटरचा आकडा ठेकेदाराच्या दाव्याच्या निम्माही भरला नाही तर उरलेलं देयक थांबवायची तरतूद करारातच असावी. सेन्सर म्हणून किंवा शाळेतलं प्रात्यक्षिक म्हणून फरशी हवी असेल तर ती त्याच नावाने मागावी, त्याच खात्यातून पैसे घ्यावेत. ऊर्जेच्या खात्याला हात लावू नये, कारण तिथल्या पैशांची वाट पाहत उपकेंद्रं आणि मोकळी छपरं पडून आहेत.